फळमाशीत डीएनए-दुरुस्तीचे जनुक बिघडले की पारगती कधी घटते, तर कधी वाढते; असे का?

पेशीवेध (धाग्याची सुरुवात)

नमस्कार मंडळी.

जनुकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी सध्या फळमाशीवरचे जुने आणि नवे शोधनिबंध शेजारी शेजारी ठेवून वाचते आहे, आणि एका ठिकाणी अडले आहे. मेई-९ या जनुकात उत्परिवर्तन झालेल्या माश्या अतिनील किरण आणि मिथाइल मिथेनसल्फोनेट हे डीएनएला इजा करणारे रसायन, म्हणजे एमएमएस, यांना सहन करू शकत नाहीत. त्यामुळे हे जनुक डीएनए-दुरुस्तीचे आहे हे उघड आहे. पण त्याच माद्यांमध्ये अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी, म्हणजे जननपेशी बनताना, होणारी पारगती (जोडीतल्या दोन गुणसूत्रांनी आपसात तुकडे बदलणे) नेहमीच्या जेमतेम एक-दशांशावर येते. याउलट डीएनएच्या साखळ्या उलगडणाऱ्या ब्लूम हेलिकेज या विकराचे जनुक, ज्याला जुन्या निबंधांत मस-३०९ म्हटले आहे, तेही दुरुस्तीचेच. पण ते बिघडले की शरीरपेशींत आणि नरांच्या जननपेशींत, जिथे पारगती सहसा होतच नाही, तिथे ती दिसू लागते.

दोन्ही जनुकांचे काम इजा भरून काढण्याचे असेल, तर एक गेल्याने पुनःसंयोजन घटावे आणि दुसरे गेल्याने वाढावे, याची संगती कशी लावायची? शिवाय काही जनुकांना मेई आणि काहींना मस असे नाव का, हेही कुणी सांगितले तर बरे होईल.

गुणसूत्रवाचक

प्रश्न नेमका विचारला आहे. नावांपासून सुरुवात करतो, कारण उत्तराचा अर्धा भाग नावांच्या इतिहासातच आहे.

फळमाशीत पारगतीवर परिणाम करणारे पहिले उत्परिवर्तन १९२२ साली गोवेन दांपत्याने नोंदवले. तिसऱ्या गुणसूत्रावरचे ते जनुक पुढे सी(३)जी या नावाने ओळखले जाऊ लागले. ते समयुग्मी झाले, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, की मादीतली पारगती जवळजवळ बंदच पडते. हे जनुक नेमके काय बनवते ते कळायला २००१ साल उजाडले: अर्धगुणसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रांना, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या जोडीला, शेजारी शेजारी बांधून ठेवणाऱ्या सिनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्समधला आडवा दोरा त्या प्रथिनाचा असतो. एवढ्या वर्षांच्या अंतराकडे मी नेहमी आदराने पाहतो. प्रथिन माहीत नसताना, डीएनएची रचनासुद्धा माहीत नसताना, केवळ संततीतल्या माश्या मोजून ते जनुक अचूक ओळखले गेले होते.

१९७२ साली बेकर आणि कार्पेंटर यांनी एक्स गुणसूत्रावर रसायनाने उत्परिवर्तने घडवून, गुणसूत्रांची वाटणी किंवा पारगती बिघडलेल्या माद्या पद्धतशीरपणे शोधल्या. मेई-९, मेई-४१, मेई-२१८ ही नावे त्या शोधातून आली. मेई म्हणजे मायोसिस, अर्थात अर्धगुणसूत्री विभाजन. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी वेगळ्या हेतूने शोध घेतला. उत्परिवर्तक रसायन दिले की ज्या अळ्या मरतात, पण दिले नाही तर सुखरूप वाढतात, असे वाण त्यांना हवे होते. त्या जनुकांना त्यांनी मस हे नाव दिले, म्हणजे उत्परिवर्तकाला संवेदनशील. मस पुढच्या आकड्यातला पहिला अंक गुणसूत्र सांगतो: १०१ एक्सवर, २०१ दुसऱ्यावर, ३०१ तिसऱ्यावर.

आता महत्त्वाची गोष्ट. या दोन शोधांत सापडलेली जनुके ताडून पाहिली, तेव्हा मसच्या यादीतली काही उत्परिवर्तने मेई-९ आणि मेई-४१ यांचेच युग्मविकल्पी, म्हणजे त्याच जनुकांची दुसरी रूपे, निघाली. एकाने अंडपेशीतल्या गुणसूत्रांकडे पाहिले, दुसऱ्याने विषारी अन्नावर वाढणाऱ्या अळ्यांकडे, आणि दोघांच्या हाती तेच जनुक लागले. दुरुस्ती आणि पुनःसंयोजन ही एकाच यंत्रणेची दोन कामे आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा बहुपेशीय प्राण्यात त्याआधी नव्हता.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. अर्धगुणसूत्री विभाजनात पेशी स्वतःच्या डीएनएच्या दोन्ही साखळ्या मुद्दाम तोडते. फळमाशीत हे काम मेई-डब्ल्यू६८ करते, जे यीस्टमधल्या एसपीओ-११चे समजात, म्हणजे त्याच मूळ जनुकातून उतरलेले, आहे, आणि त्याला मेई-पी२२ची जोड लागते. इथपासून पुढे जे काही होते ती दुरुस्तीच असते. तुटलेले टोक समजात गुणसूत्रात शिरते, त्याच्यावरून हरवलेला भाग उतरवून घेते, आणि मग दोन वाटा फुटतात. ते टोक परत आपल्या जागी येऊन जोडले गेले, तर गुणसूत्रांचे हात जिथल्या तिथे राहतात आणि पारगती होत नाही. दोन्ही गुणसूत्रे एकमेकांत गुंतून सांधा तयार झाला आणि तो सांधा विशिष्ट तऱ्हेने कापला गेला, तर हातांची अदलाबदल होते, म्हणजे पारगती. ब्लूम हेलिकेज शिरलेले टोक सोडवून पहिल्या वाटेने नेते. मेई-९चे प्रथिन, जे माणसातल्या एक्सपीएफ या न्युक्लिएजचे, म्हणजे डीएनए कापणाऱ्या विकराचे, समजात आहे, दुसऱ्या वाटेच्या शेवटी सांधा कापते. म्हणून सोडवणारे गेले की गुंता वाढतो आणि नको तिथे पारगती होते. कापणारे गेले की पारगती पुरीच होत नाही. दोघांचीही दुरुस्तीच बिघडलेली आहे, पण बिघाड वेगवेगळ्या पायरीवर आहे.

सूक्ष्मलक्षी

गुणसूत्रवाचक यांनी पुरावे थोडक्यात उरकले. मेई-९पुरते मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तो तर्क मला जनुकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर तर्कांपैकी एक वाटतो.

बेकर आणि कार्पेंटर यांनी पारगतीची केवळ एकूण संख्या पाहिली नाही, तर ती गुणसूत्रावर कुठे कुठे घडते तेही पाहिले. मेई-२१८ किंवा मेई-४१ यांच्या उत्परिवर्तनांत पारगती कमी होते खरी, पण सगळीकडे सारखी नाही. काही पट्ट्यांत ती फार घटते, काहींत थोडी, आणि नेहमीची मांडणीच विस्कटते. मेई-९मध्ये मात्र प्रत्येक पट्ट्यातली पारगती साधारण सारख्याच प्रमाणात घटते, म्हणजे नकाशाचा आकार तसाच राहतो, फक्त तो लहान होतो. यावरून त्यांनी असे मांडले की पारगती कुठे व्हायची हे ठरवणाऱ्या पायऱ्या आधीच्या आहेत आणि मेई-९चे काम त्या ठरल्यानंतर, प्रत्यक्ष अदलाबदलीच्या वेळी येते.

पुढे कार्पेंटर यांनी रोझी या जनुकावर हीच गोष्ट बारकाईने तपासली. रोझी जनुक झँथिन डीहायड्रोजिनेज हे विकर बनवते. अन्नात प्युरीन घातले की ते विकर नसलेल्या अळ्या मरतात, त्यामुळे हजारो अळ्यांतून जनुकाच्या आतच पुनःसंयोजन झालेल्या मोजक्या अळ्या आपोआप निवडल्या जातात. मेई-९च्या माद्यांमध्ये जनुक-रूपांतरण, म्हणजे पारगतीविना एका प्रतीवरून दुसरीवर माहिती उतरणे, नेहमीइतकेच होत होते. मात्र काही संतती मिश्र निघाली: एकाच माशीच्या काही पेशींत एक युग्मविकल्पी तर काहींत दुसरा. याचा अर्थ असा की बीजांडात एका साखळीवर एक आणि समोरच्या साखळीवर दुसरे अक्षर असा विजोड तसाच राहून गेला होता आणि पहिल्या पेशीविभाजनात तो वेगळा झाला. छेद होत होता, टोक शिरत होते, उतरवून घेणेही होत होते, पण शेवटची निरगाठ सुटत नव्हती. १९८२च्या सुमाराला हे अनुमान माश्यांच्या संख्येवरून निघाले. जनुकाचा क्रम वाचला गेला तो १९९५ साली, आणि तेव्हा ते न्युक्लिएजच निघाले.

पेशीवेध

दोघांचेही मनापासून आभार. यातून पुढचा प्रश्न येतो. अतिनील किरणांची इजा कापून काढणे आणि पारगतीचा सांधा कापणे ही दोन्ही कामे मेई-९चे तेच प्रथिन, तसेच करते का? की दोन कामांसाठी त्याचे साथीदार वेगळे असतात?

गुणसूत्रवाचक

साथीदार वेगळे असतात, आणि ते फळमाशीतच प्रथम नीट दिसले. मस-३१२ नावाचे जनुक बिघडले की पारगती मेई-९इतकीच घटते, आणि डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींना जखडणाऱ्या रसायनांपुढेही माशी टिकत नाही; पण अतिनील किरणांची छेदन-दुरुस्ती मात्र शाबूत राहते. मस-३१२चे प्रथिन मेई-९ला प्रत्यक्ष चिकटते. २००२ साली मेई-९मधला असा एक बदल दाखवला गेला की ज्यामुळे ही चिकटण्याची क्षमता जाते. त्या माश्यांत पारगती होत नाही, पण छेदन-दुरुस्ती चालू राहते. म्हणजे तीच कात्री, पण ती कुठे चालवायची हे सोबतचा हात ठरवतो. दुसऱ्या बाजूने मस-२०१ पाहा: ते माणसातल्या एक्सपीजी या दुसऱ्या न्युक्लिएजचे समजात असून छेदन-दुरुस्तीला अत्यावश्यक आहे, पण पारगतीला त्याची गरज लागत नाही.

काही वर्षांनी माणसातले एसएलएक्स-४ हे मस-३१२चेच समजात असल्याचे कळले, आणि त्याच्या उत्परिवर्तनामुळे फॅन्कोनी अॅनिमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा एक प्रकार होतो हेही समोर आले. साखळ्या जखडणाऱ्या रसायनांबद्दलची माशीची संवेदनशीलता पाहता हा धागा तिथे जुळणे अपेक्षितच होते.

अळीकोष

मी काही वर्षे माशीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे ही मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते लिहितो. निबंधांत ती दोन ओळींत येते आणि तिच्यातले कष्ट वाचणाऱ्याला जाणवत नाहीत.

एमएमएसच्या चाचणीत उत्परिवर्तनाची एक प्रत असलेले नर-मादी एकत्र ठेवतात. पहिल्या बाटलीत ते दोन-तीन दिवस अंडी घालतात. ती बाटली तशीच ठेवायची. मग त्याच माश्या दुसऱ्या बाटलीत हलवायच्या, आणि त्या बाटलीतल्या अन्नावर अळ्या चरू लागल्या की रसायनाचे पातळ द्रावण ओतायचे. दोन्ही बाटल्यांतून बाहेर पडणाऱ्या माश्यांत दोन्ही प्रती बिघडलेल्या किती आणि एकच बिघडलेली किती हे मोजायचे. पहिल्या बाटलीत अपेक्षित प्रमाण आले आणि दुसऱ्या बाटलीत बिघडलेल्या माश्या नाहीशा झाल्या, तर ते जनुक दुरुस्तीचे. त्याच आईबापांची संतती दोन्ही बाटल्यांत असल्यामुळे तुलना प्रामाणिक राहते.

पारगतीसाठी एक्स गुणसूत्रावर पिवळे शरीर, आडव्या शिरा नसलेले पंख, शेंदरी डोळे, दुभंगलेले केस अशी ठळक लक्षणे रांगेने असलेला वाण वापरतात. मादीच्या नर-संततीत ही लक्षणे कुठे तुटली ते पाहिले की पारगतीची जागा कळते. १९१३ साली स्टर्टेव्हंट यांनी पहिला जनुकीय नकाशा याच तत्त्वावर काढला. मात्र मादी अस्पर्श असायला हवी. २५ अंश सेल्सियसला कोषातून बाहेर पडल्यावर पहिल्या ८ तासांच्या आत ती वेगळी केली नाही, तर ती आधीच्या नराचे शुक्राणू साठवून ठेवते. एकदा अशा काही माद्या सकाळच्या घाईत मिसळल्या गेल्या आणि जवळजवळ तीन हजार माश्यांची मोजणी फेकून द्यावी लागली. पारगती एक-दशांशावर आलेल्या वाणात तर आकडा भरवशाचा व्हायला मोजणी अनेक पटींनी वाढवावी लागते. बेकर आणि कार्पेंटर यांच्या तक्त्यांकडे पाहताना हे कष्ट लक्षात ठेवावेत असे मला वाटते.

नवखा_वाचक

मी जीवशास्त्राचा विद्यार्थी नाही, पण धागा आवडीने वाचतो आहे. पहिल्या लेखनात नरांच्या जननपेशींत पारगती सहसा होत नाही असे म्हटले आहे. नरात अर्धगुणसूत्री विभाजन होत नाही का?

सूक्ष्मलक्षी

विभाजन होते, पारगती होत नाही. हे फळमाशीवरच्या जनुकशास्त्राचा पाया घालणाऱ्या मॉर्गन यांनीच १९१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाहिले होते. फळमाशीच्या नरात सिनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्स तयार होत नाही. समजात गुणसूत्रांना धरून ठेवण्याची त्याची वेगळी प्रथिने आहेत. मादीतही सर्वांत लहान चौथ्या गुणसूत्रावर नेहमीच्या परिस्थितीत पारगती होत नाही.

संशोधकांना या गोष्टीचा मोठा उपयोग झाला. नरात नेहमीची पारगती शून्य असल्यामुळे, तिथे दिसलेली प्रत्येक पारगती ही अर्धगुणसूत्री विभाजनाबाहेर, दुरुस्तीच्या ओघात झालेली असते. ब्लूम नसलेल्या नरांत ती वाढते हे इतक्या स्पष्टपणे सांगता आले ते यामुळेच. माणसात ब्लूम सिंड्रोम असलेल्या रुग्णांच्या पेशींत भगिनी-क्रोमॅटिडांमधली, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन नकलांमधली, अदलाबदल खूप वाढलेली दिसते, तिचेच हे माशीतले रूप आहे.

अंडकवच

एक वेगळा दुवा जोडतो, कारण तो या विषयावरच्या चर्चेत बहुधा राहून जातो. विकासजीवशास्त्रज्ञ ट्रूडी श्यूपबाख यांच्या गटाचे काम मुळात भ्रूणाच्या पाठ-पोट अक्षावर चालले होते. फळमाशीच्या अंड्याला पाठीच्या बाजूला श्वसनासाठी दोन लांब उपांगे असतात. स्पिंडल आणि ओक्रा या नावांच्या उत्परिवर्तनांत ती उपांगे एकमेकांना जोडलेली किंवा नाहीशी झालेली दिसतात, म्हणजे अंड्याला पाठ नीट मिळालेली नसते. शरीररचनेच्या या जनुकांचा क्रम वाचला, तेव्हा १९९८ साली ओक्रा हे आरएडी-५४ आणि स्पिंडल-बी हे आरएडी-५१च्या कुळातले निघाले. पुढे स्पिंडल-ए हे खुद्द आरएडी-५१ असल्याचे ठरले. अंड्याचा आकार आणि डीएनएची दुरुस्ती यांचा काय संबंध, असा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला असता.

संबंध असा आहे. तुटलेले टोक समजात गुणसूत्रात शिरवायला आरएडी-५१ लागते. ते नसले की मेई-डब्ल्यू६८ने केलेले छेद उघडेच राहतात, आणि पेशीतली तपासणीची यंत्रणा जागी होते. या यंत्रणेच्या मुळाशी मेई-४१ आहे, जे माणसातल्या एटीआर या इजेची वार्ता देणाऱ्या प्रथिनाचे समजात आहे. ती जागी राहिली की अंडपेशीतून पाठीची दिशा सांगणारे गुर्केन हे प्रथिन पुरेसे बनत नाही. याचा पुरावा दुहेरी उत्परिवर्तनांतून मिळाला: स्पिंडल-बी बिघडलेल्या माशीत मेई-डब्ल्यू६८ही बिघडवले, म्हणजे मुळात छेदच होऊ दिले नाहीत, तर अंड्याचा आकार पूर्ववत होतो. छेद होऊ दिले आणि मेई-४१ काढून घेतले, तरीही आकार सुधारतो. इजा तशीच असताना फक्त तिची वार्ता थांबवल्याने अंड्याला पाठ परत मिळते, हे वाचले तेव्हा मी तो निबंध पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला होता.

पेशीवेध

फारच उद्बोधक. मेई-४१ पारगतीच्या यादीतही आहे आणि इथे तपासणीच्या मुळाशीही आहे, हे आता लक्षात आले. मेई-२१८बद्दल मात्र अजून कुणी फारसे लिहिले नाही. ते एमएमएसला संवेदनशील नाही, म्हणजे दुरुस्तीचे नाही, असे समजायचे का?

गुणसूत्रवाचक

मेई-२१८चे उत्तर ब्लूमशी जोडलेले आहे, म्हणून दोन्ही एकत्र लिहितो.

आधी ब्लूमची एक कथा. १९९६ साली मस-३०९ म्हणजे कू-७० (तुटलेली टोके थेट जोडायला मदत करणारे प्रथिन) असे मानले गेले होते, कारण कू-७० जास्त प्रमाणात दिले की उत्परिवर्तनाचे काही परिणाम सौम्य होत होते. २००१ साली स्पष्ट झाले की बिघाड मुळात ब्लूम हेलिकेजच्या जनुकात आहे. एखाद्या प्रथिनाने दोष झाकला जातो म्हणून दोष त्याच्याच जनुकात आहे असे होत नाही, हा धडा आजही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा आहे.

यीस्ट आणि सस्तन प्राण्यांत अर्धगुणसूत्री विभाजनातील गुंता ब्लूमसारख्या हेलिकेजांपासून राखण्याचे काम एमएसएच-४ आणि एमएसएच-५ करतात. फळमाशीच्या वंशात ही दोन्ही जनुके हरवली आहेत. मग पारगती टिकते कशी? २०१२ साली जनुकशास्त्रज्ञ जेफ सेकेल्स्की यांच्या गटाने दाखवले की मेई-२१७, मेई-२१८ आणि रेक ही प्रथिने मिळून ती जागा भरतात. डीएनएची नक्कल होताना काम करणाऱ्या एमसीएम कुळातली ही प्रथिने माशीत वेगळ्या कामाला लागली आहेत. मेई-२१८ नसेल तर ब्लूम जवळजवळ प्रत्येक गुंता सोडवून टाकते आणि पारगती फारशी उरत नाही. पण मेई-२१८ आणि ब्लूम दोन्ही नसतील, तर पारगती परत येते. म्हणून मेई-२१८ हे दुरुस्ती करणारे नसून, दुरुस्तीच्या एका वाटेपासून दुसरीला राखणारे आहे असे म्हणावे लागते.

परत आलेली पारगती मात्र पूर्वीसारखी नसते. ब्लूम नसलेल्या माद्यांत ती गुणसूत्रबिंदूजवळही होते, एरवी ती वर्ज्य असलेल्या चौथ्या गुणसूत्रावरही होते, आणि एका पारगतीने शेजारची दुसरी रोखण्याचा नियम, ज्याला इंटरफिअरन्स म्हणतात, तो उरत नाही. अशा पारगतीला मेई-९चीही गरज पडत नाही. दुसरी न्युक्लिएजे जिथे सांधा सापडेल तिथे तो कापतात. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नातल्या घटणे आणि वाढणे या शब्दांत मी एक भर घालीन: ब्लूम गेल्यावर मुख्यतः शिस्त जाते, आणि संख्या त्यामागून बदलते.

दुहेरी_साखळी

मस-३०८चा उल्लेख आला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. हे जनुक बिघडलेली माशी एमएमएस सहन करते, पण साखळ्या जखडणारे नायट्रोजन मस्टर्ड सहन करत नाही. ते पॉलिमरेज थीटा बनवते, जे तुटलेली टोके थोड्याशा जुळणाऱ्या अक्षरांच्या आधाराने जोडते; या जोडणीत काही अक्षरे हमखास गळतात. बीआरसीए ही दुरुस्तीची जनुके बिघडलेल्या कर्करोगपेशी याच प्रथिनावर विसंबून राहतात, म्हणून ते रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत.

तरी माशीवरून माणसाकडे जाताना सावध राहावे असे माझे मत आहे. आरएडी-५२, डीएमसी-१ आणि पॉलिमरेज बीटा ही माणसातली जनुके फळमाशीत नाहीत. शिवाय माशीत सिनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्स छेदांशिवायही उभे राहते, तर उंदरात आणि यीस्टमध्ये त्याला छेद लागतात.

पेशीवेध

शेवटची एक शंका. ब्लूम आणि मस-८१ ही दोन्ही जनुके बिघडलेल्या माश्या जगत नाहीत असे वाचले. दोन्ही दुरुस्तीचीच असल्याने इजा साचून त्या मरतात, हे स्पष्टीकरण पुरेसे आहे का?

सूक्ष्मलक्षी

पुरेसे नाही, आणि तसे का ते त्याच माश्यांत तिसरे जनुक बिघडवून कळले. त्यांच्यात स्पिंडल-एही, म्हणजे आरएडी-५१ही, बिघडवले तर माश्यांचे मरण काही प्रमाणात टळते. त्या केवळ न भरलेल्या इजेने मरत असत्या, तर दुरुस्तीचे आणखी एक जनुक काढल्यावर लवकर मेल्या असत्या. आरएडी-५१ नसले की टोक समजात डीएनएत शिरतच नाही, गुंता तयारच होत नाही, आणि छेद दुसऱ्या मार्गाने जोडला जातो. आरएडी-५१ असले की गुंता होतो, पण तो सोडवणारे ब्लूम नसते आणि कापणारे मस-८१ही नसते. त्या पेशींना मारणारी गोष्ट मूळ छेद नसून अर्ध्यावर अडकलेली दुरुस्ती आहे.